शुक्रवारी जा

४ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी विकत घेतलेली नाही, इस्पितळाने दिली. नव्या विभागप्रमुखांना आज दिवसभर वरच्या मजल्यावर कोंडलं होतं. विषय काय, तर दुसऱ्यांना सांभाळणाऱ्याने स्वतःचं मन कसं सांभाळावं. शिकवायला एक समुपदेशक बाई, आवाज कापसासारखा. माझ्या शेजारी बसलेला स्वयंपाकघराचा प्रमुख पहिल्या अर्ध्या तासातच पेंगायला लागला. त्याचं मन आधीच सांभाळलेलं असणार.

बाई म्हणाल्या, "रोज थोडं लिहा. काय घडलं एवढंच नको, तुम्हाला काय वाटलं तेही."

मी विचारलं, "राग आला असेल तर?"

"तर राग लिहा. राग पुष्कळदा कशावर तरी पांघरूण घालून बसलेला असतो. लिहिता लिहिता ते सरकतं."

सतरा वर्षं मी या इस्पितळाची पांघरुणं धुतेय, मला काय शिकवताय, असं मनात म्हटलं. तोंडाने "बरं" म्हटलं.

तर लिहिते. आजपासून मी धुलाई विभागाची प्रमुख. तळघरात अकरा बायका, एक मिस्त्री, खोलीएवढाली चार वॉशिंग मशीन, दोन ड्रायर, आणि चादरी इस्त्री करणारा लांबलचक तापलेला रोलर. रोज हजारभर चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या आता माझ्या कमरेला. काय वाटलं? छान वाटलं. पण खरं सुख दुपारी मिळालं. वरच्या साहेबांनी कामगारांची नवी यादी हातात ठेवली. पुढच्या सोमवारपासून माझ्या हाताखाली बारावी बाई येतेय. हजेरीबाई.

५ फेब्रुवारी

काल पुढचं लिहिलं नाही. आज नीट लिहिते.

हजेरीबाई बारा वर्षं आमची प्रमुख होती. सकाळी सातच्या ठोक्याला रजिस्टर घेऊन दारात उभी. सात वाजून एक मिनिट झालं की लाल पेन. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आठ महिने घरी होती. तेवढ्यात विभागाची फेररचना झाली, तिचं पद गेलं आणि मुलाखती होऊन मी आले. तिला निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. घरी बसण्यापेक्षा साधी कामगार म्हणून यायला ती तयार झाली म्हणे.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी मी तिच्यासमोर रजा मागायला उभी होते. आई दादाच्या गावी इस्पितळात होती. मान वर न करता ती म्हणाली, "दोन माणसं कमी आहेत. शुक्रवारी जा."

गुरुवारी दुपारी मी रोलरमधून चादर ओढत होते, तेव्हा दादाचा फोन आला. संपलं होतं सगळं.

माझं आणि आईचं काही भांडण नव्हतं. तिचा माझ्यावर फार जीव होता. हे लिहून ठेवते.

मी शिव्याशाप देणाऱ्यातली नाही. मी थांबणाऱ्यातली आहे. चार वर्षं थांबले. आता पान वाढून समोर आलंय, तर उठून कशाला जाऊ?

११ फेब्रुवारी, सोमवार

आली. सातला दहा मिनिटं कमी असताना दारात हजर. डावा पाय जरा ओढत चालते. केस पांढरे झालेत. मला वाटलं होतं, जुन्या सवयीने 'काय गं' म्हणेल. तर हात जोडून म्हणाली, "नमस्कार मॅडम." मॅडम! दाताखाली खडा यावा तसं म्हणाली.

मी तिला मळक्या कपड्यांच्या खोलीत नेलं. वॉर्डातली गाठोडी घसरगुंडीवरून थेट तिथे येऊन पडतात. ती सोडायची, रक्ताचं वेगळं, ओकारीचं वेगळं, साधं वेगळं. कधी चादरीत सुई निघते, कधी चमचा, एकदा दातांची कवळी निघाली होती. हातात दोन-दोन मोजे, तोंडाला फडकं, आणि आठ तास उभं राहायचं. म्हणून तिथे सगळ्या जणी पाळीपाळीने दोन-दोन दिवस जातात.

म्हटलं, "पहिला महिनाभर तुम्ही इथेच. काम मुळापासून शिकलेलं बरं."

"बारा वर्षं मी हा विभाग चालवलाय."

"हो ना. म्हणूनच मुळापासून."

मागे बायका फिस्कन हसल्या. मला सतरा वर्षांत कुणी एवढं गोड हसल्याचं आठवत नाही. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. समुपदेशक बाईंना सांगायला हवं, मन मस्त सांभाळलं जातंय.

१३ फेब्रुवारी

मळक्या खोलीत एक स्टूल होतं, ते दुरुस्तीला मिस्त्रीकडे पाठवलं. पाय डुगडुगत होता. खरंच डुगडुगत होता, थोडासा.

मिस्त्री म्हणाला, "ताई, हे तर दोन खिळ्यांचं काम. आत्ता करून देतो."

"घाई नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं, आणि स्टूल उचलून नेलं. समजूतदार माणूस आहे.

१९ फेब्रुवारी

सात वाजून दोन मिनिटांनी आली. लाल पेन. मी मुद्दाम तिच्या डोळ्यांदेखत खूण केली. ती म्हणाली, "जिन्यात पाय अडखळला." मी म्हटलं, "रजिस्टरला पाय नसतात, बाई, त्याला कसं कळणार?" हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. दिवसभर आठवून आठवून मजा वाटली.

सकाळी उठले की जबडा दुखतो. हे म्हणाले, "झोपेत करकरा दात खातेस. कुणाला खातेस एवढं?"

मी म्हटलं, "कामाचा ताण."

"मग चावत तरी जाऊ नकोस, गिळून टाक." यांना सगळ्याची थट्टाच सुचते. रागावून डबा जरा जोरात आपटला, तर झाकण वाकडं झालं.

२५ फेब्रुवारी

विभाग कसा घड्याळासारखा चाललाय. कुणी उशिरा येत नाही. चहाच्या सुट्टीत कुणी रेंगाळत नाही. रोलरवर एक बाई आहे, तिला आम्ही गाणारी म्हणतो. गळा बेसूर, पण जुनी गाणी तिला तोंडपाठ. तिने सुरुवात केली की ड्रायरच्या धडधडीवर सगळ्या साथ देत. दोन आठवड्यांत तिने तोंड उघडलेलं नाही. मी आत गेले की बोलणंही थांबतं. मान मिळाला की असं होतं.

वरचे साहेब खाली डोकावले. म्हणाले, "आज कुणी कामावर नाही की काय? एवढी शांतता!"

मी म्हटलं, "शिस्त, साहेब."

हजेरीबाईला एकदाही तक्रार करताना ऐकलं नाही. हेच मला खुपतं. हिने कधीतरी मोडायला हवं.

१ मार्च, शुक्रवार

आज डोकं फिरलं. आमच्यात एक उंच बाई आहे, लांबोडी. सकाळपासून उजव्या हाताची बाही खाली ओढून काम करत होती. तिथे वाफ एवढी असते की सगळ्या जणी बाह्या कोपराच्या वर सरकवतात. मी तिची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं, त्यावर फडकं गुंडाळलेलं, आणि ते चिकटलेलं. दोन दिवसांपूर्वी रोलरला हात लागला होता.

"दोन दिवस? वर पाच मजले डॉक्टर भरलेत आणि तू फडकं बांधून फिरतेस? सांगितलं का नाहीस?"

तिने बाही पुन्हा खाली ओढली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाला असता, रोलरला डोळे नसतात."

कुणीच हसलं नाही. मीच तिला वर घेऊन गेले, ड्रेसिंग करवून आणलं. आठ दिवस विश्रांती सांगितलीय.

असं कशाला लपवायचं? मी काय खाऊन टाकणार आहे का कुणाला? माणसं विश्वासाने सांगत का नाहीत, हे मला समजतच नाही.

५ मार्च

समुपदेशक बाईंची दुसरी भेट. या वेळी एकेकाला बोलावलं होतं.

"झोप?" "बरी." "भूक?" "कामावर एखादा दिवस छान गेला की फार चांगली." त्यावर त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

"शेवटची मोठी रजा कधी घेतलीत?"

"चार वर्षांपूर्वी. आई गेली तेव्हा. दोन दिवस."

"दोनच?"

"काय करायचं बसून? तिसऱ्या दिवशी कामावर आले. अंगात वाफ शिरली की बरं वाटतं."

"नंतर भावाच्या घरी गेलात?"

"वेळ कुठे असतो?"

"रडलात?"

"आमच्या तळघरात, बाई, सगळ्यांचेच डोळे दिवसभर ओले असतात."

त्यांनी तेही लिहून घेतलं. त्यांना लिहिण्याचाच पगार मिळत असावा. मग म्हणाल्या, "तुमच्या हाताखालच्या बायकांचा दिवस कसा जाईल हे सकाळी तुमच्या चेहऱ्यावर ठरतं. तुम्ही बऱ्या नसाल, तर त्या बऱ्या राहणार नाहीत." मी म्हटलं, विभागात सगळं उत्तम आहे. लांबोडीचं सांगितलं नाही. त्याचा इथे काय संबंध?

१२ मार्च, मंगळवार

आला. माझा दिवस आला.

दुपारी बारा वाजता हजेरीबाई केबिनच्या दारात. हाच दरवाजा, हेच टेबल, फक्त खुर्ची कुणाची ते बदललेलं. हातमोजे काढून आली होती, बोटं पांढरी पडून सुरकुतलेली.

म्हणाली, "मॅडम, चार दिवसांची रजा हवी होती. माझ्या थोरल्या बहिणीचं बरं नाही. आई लवकर गेली आमची, तिनेच वाढवलं मला. भाचीचा फोन आला, लगेच ये म्हणतेय."

मी फाईल उघडली. फाईलमध्ये काही नव्हतं. दहापर्यंत मोजलं. मान वर न करता म्हणाले, "लांबोडी नुकतीच आलीय, तिला जड काम देता येत नाही. आणखी एक जण आजारी. दोन माणसं कमी आहेत. शुक्रवारी जा."

शब्दन् शब्द तोच. आवाजसुद्धा तोच काढला. चार वर्षं आरशासमोर म्हणून बघितलेलं वाक्य. आज खणखणीत वाजलं.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. पाय ओढल्याचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता.

काय वाटलं? आंघोळ केल्यासारखं वाटलं. घरी येताना यांच्यासाठी जिलेबी घ्यावी असंही मनात आलं, मग फळं घेतली. हे म्हणाले, "आज कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "आज माझा हिशोब चुकता झाला." त्यांनी सफरचंद कापता कापता माझ्याकडे पाहिलं. "मग दात अजून का आवळलेत?" म्हणाले.

१३ मार्च, बुधवार

तिने ओळखलंच नाही.

सकाळपासून वाट बघत होते. म्हटलं, आता येईल, पाया पडेल, नाहीतर निदान डोळ्याला डोळा देईल आणि मला दिसेल की तिला समजलंय. ती आपली गाठोडी सोडत होती. चहाच्या सुट्टीत मीच मळक्या खोलीत गेले.

म्हटलं, "काल मी जे म्हणाले ते ओळखीचं वाटलं का?"

"कोणतं?"

"शुक्रवारी जा."

तिने जरा विचार केला. खरंच विचार केला, सोंग नव्हतं. "का? काय आहे त्यात?"

माझा तोल गेला. सगळं बोलले. मंगळवार, गुरुवार, रोलर, दादाचा फोन. ओरडून बोलले असणार, कारण बाहेरचे आवाज बंद झाले. "माझी आई मरत होती आणि तुम्ही मान वर केली नाही! आणि तुम्हाला आठवतही नाही!"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "नाही आठवत. मी रोज दोघी-तिघींना नाही म्हणायचे. वरून दट्ट्या असायचा. पण आई मरतेय म्हणून सांगितलं असतं, तर मी अडवलं नसतं. कुणालाच अडवलं नाही तशा वेळी. तू आई म्हणालीच नसशील."

'तू' म्हणाली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"खोटं बोलू नका," मी म्हटलं, आणि तिचं तोंड बंद करायला पुरावा काढायचा म्हणून केबिनमधलं जुनं कपाट उघडलं. रजेचे अर्ज तिने वर्षावार सुतळीने बांधून ठेवलेत. अर्ध्या तासात सापडला.

माझंच अक्षर. 'घरगुती कामासाठी चार दिवस रजा मिळावी, ही विनंती.' खाली लाल पेनाने, 'शुक्रवारपासून मंजूर.'

घरगुती काम.

आता वहीशी खोटं बोलून उपयोग नाही. तेव्हा आईशी मी सहा महिने बोलत नव्हते. दादाकडे पाहुणे जमले होते, त्यांच्यासमोर ती म्हणाली होती, हिच्या हाताला लोकांच्या रक्ताचा वास येतो, हिला स्वयंपाकघरात पाठवू नका. सगळे हसले. मी हात धुवून ताटावर बसले आणि न जेवता उठले. मग दादाचे तीन फोन आले, ये म्हणून. पहिल्या दोन्ही वेळा मी म्हटलं, तिचं दर दोन महिन्यांनी असतंच. तिसऱ्यांदा अर्ज लिहिला, आणि आई म्हणून लिहायला हात वळला नाही. शुक्रवार ऐकला तेव्हा आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. दोन दिवस आणखी रुसून घेता येतील म्हणून.

मी तशीच निघून जाऊ शकत होते. दाराला कुलूप नव्हतं. लाल पेनाने कुणी मरत नाही.

तरी हजेरीबाईने मान वर करायला हवी होती. हे मी खोडणार नाही.

१४ मार्च, गुरुवार

सातला पाच कमी असताना दारात उभी राहिले. ती आली तशी म्हटलं, "तुमची रजा मंजूर आहे. आत्ता निघा. साडेसातची बस आहे, मी विचारून ठेवलंय."

"शुक्रवारी जाईन."

"बाई, आजच जा."

"तुम्ही शुक्रवार म्हणालात ना मॅडम? मग शुक्रवार. दोन माणसं कमी आहेत." आणि हातमोजे घालायला लागली. तिचेही दात-ओठ आवळलेले. तिला समजलं होतं की आता मला तिच्या जाण्याची गरज आहे, आणि ती मला ते देणार नव्हती. मी चार वर्षं तापवलेली सळई तिने एका दिवसात उलटी धरली. मी असते तर मीही हेच केलं असतं.

"माझ्यावर सूड उगवायचा तर नंतर उगवा. परत आल्यावर रोज उगवा. पण तिकडे बहीण आहे तुमची."

"तुझ्या मेहरबानीने जाऊ? म्हणजे तू मोकळी! मी नाही गेले आणि तिचं काही झालं, तर जन्मभर तूही माझ्यासारखीच दोषी राहशील. राहा."

तेव्हा मी मळक्या खोलीत, गाठोड्यांच्या मधोमध, तिच्यासमोर हात जोडले. सगळ्या बायका दारात. म्हटलं, "चुकले मी. स्टूल मुद्दाम काढलं. महिनाभर मुद्दाम इथे ठेवलं. काल नाही, परवाही नाही, पहिल्या दिवसापासून मुद्दाम केलं. तुम्ही मला माफ करू नका. पण जा. मी गेले नव्हते. मला जाता येत होतं, तरी गेले नव्हते."

मग काय बोलले आठवत नाही. नाक गळत होतं आणि पुसायला हाताशी फक्त घाणीचे कपडे.

तिने दुसऱ्या हातात मोजा चढवला. शेवटी गाणारी पुढे आली. तिने हजेरीबाईच्या हातातले मोजे एकेक करून ओढून काढले आणि म्हणाली, "तुम्ही दोघी भांडायला अख्खं वर्ष मोकळ्या आहात. बस थांबणार नाही." लांबोडीने तिची पिशवी आणली. मिस्त्री तिला स्कूटरवर बसवून घेऊन गेला.

जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिच्या जागी उभी राहिले आणि दिवसभर गाठोडी सोडली. दुपारपर्यंत पाठीचा खुळखुळा झाला. तिने महिनाभर हे दुखऱ्या गुडघ्यावर केलं होतं.

१५ मार्च

सकाळी सगळ्यांना रोलरपाशी बोलावलं. म्हटलं, "लांबोडीचा हात भाजला तो मशीनवर. पण दोन दिवस लपवावा लागला, तो माझ्यामुळे. माझं एकीशी वैर होतं, ते तुम्हा सगळ्यांच्या अंगावर सांडलं. मला तेव्हा समजलंही नाही. यापुढे कुणाला काही झालं, तर मी कितीही वाकड्या तोंडाने बसलेली असले तरी येऊन सांगायचं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लांबोडी म्हणाली, "आणि तुमचं तोंड वाकडं असलं, तर तुम्ही कुणाला सांगणार?"

वर जाऊन समुपदेशक बाईंची वेळ मागितली. कुणी पाठवलं नव्हतं, आपणहून.

२० मार्च

हजेरीबाईचा फोन आला. मला नाही, गाणारीला. बहीण तिला भेटली. तीन दिवस शुद्धीवर होती. रविवारी गेली.

मी संडासात जाऊन दार लावून दहा मिनिटं बसून राहिले. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच जळफळले. तिला तीन दिवस मिळाले, मला एकही नाही. मीच पाठवलं तिला, तरी जळफळले. बाईंनी लिहायला सांगितलंय म्हणून लिहिलं. वाचायला चांगलं नाही.

२८ मार्च, गुरुवार

परत आली. मळक्या खोलीची पाळी पुन्हा सगळ्यांना दोन-दोन दिवस लावलीय. तिला घडी घालायच्या टेबलाशी बसून करायचं काम दिलं. माझं नावही त्या पाळीत घालून घेतलं.

दुपारी केबिनमध्ये आली. उभीच राहिली.

"मी आभार मानायला आलेले नाही."

"मानू नका."

"माफही केलेलं नाही."

"मीही नाही."

"बरं झालं, स्पष्ट असलेलं बरं." मग खिडकीकडे बघत म्हणाली, "घरगुती काम म्हणजे काय, एवढं एकदा विचारायला हवं होतं मी. कुणालाच विचारलं नाही कधी. विचारलं की ऐकावं लागतं, आणि ऐकलं की नाही म्हणवत नाही. मग विभाग कसा चालायचा? असं वाटायचं."

मी तिला सांगितलं, मला चार दिवस जायचंय, दादाकडे. मागे विभाग बघणारं कुणी हवं. तिला सगळं माहीत आहे.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पुन्हा काही डाव टाकतेय. मग म्हणाली, "सात वाजून एक मिनिटाला लाल पेन चालेल?"

"नाही."

"सात वाजून पाच?"

"बाई."

"बरं बरं. विचारलं आपलं."

५ एप्रिल

दादाच्या घरी. चार वर्षांनी. वहिनीने दार उघडलं आणि पिशवी हातातून घेतली. आईची खोली आता मुलांची झालीय, पण पलंग तोच आहे. त्यावर बसून लिहितेय.

संध्याकाळच्या चहानंतर दादाला म्हटलं, "मला तो गुरुवार सांग. मी कधी विचारलंच नाही."

तो म्हणाला, "आत्ता? कशाला?"

"सांग."

चार वर्षं मला एकच दिसत होतं. आई दाराकडे डोळे लावून पडलीय, पाऊल वाजलं की मान उचलतेय, आणि मी नाही. तेच बघत मी कामाला जात होते, तेच बघत परत येत होते. दादाला तसं सांगितलं.

"दाराकडे?" दादा म्हणाला. "दाराकडे तर तिची पाठ होती गं. तिनेच इस्पितळातला पलंग खिडकीकडे फिरवायला लावला होता. समोरच्या इमारतीला रंग देत होते. परातीएवढ्या फळीवर दोन रंगारी. आठवडाभर त्यांच्यावर नजर. 'तो एक आळशी आहे बघ, ब्रश बुडवतो आणि गप्पा मारतो.' नर्सला सांगायची, त्याला ओरडून ये. नर्स वैतागली होती."

"माझं काही बोलली?"

दादाने खोटं बोलावं का, याचा विचार केला. मला दिसलं ते. मग त्याने खरं सांगायचं ठरवलं, तेही दिसलं.

"एकदा विचारलं, येतेय का ती? मी म्हटलं, येईल एक-दोन दिवसांत. तर म्हणाली, 'असू दे. तोवर यांची एक भिंत तरी पुरी होईल.' आणि परत खिडकीकडे तोंड. गुरुवारी सकाळी नाश्ता केला, चहा बेचव म्हणून परत पाठवला, झोपली. झोपेतच गेली."

"माझ्यावर रागावलेली होती?"

"रागावलेली होती ना. त्या रंगाऱ्यावर."

आधी मला हसू फुटलं. मग ते हसू कुठे वळलं ते माझं मलाच समजलं नाही. पलंगाच्या कडेला धरून मी असा हंबरडा फोडला की शेजारचं कुणीतरी विचारायला आलं. वहिनीने त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून गेली. दादा घाबरून उठला. मी त्याचा हात धरून खाली बसवलं.

म्हटलं, "परत सांग. पहिल्यापासून."

"काय परत?"

"दोघांतला आळशी कोणता होता?"

"डावीकडचा," दादा म्हणाला, आणि पुन्हा सांगायला लागला.